भट्टीवरची पालकसभा

वाल्येवो,
ऑक्टोबर संपता संपता

प्रिय मिलिसावदादा,

धाकट्या बहिणीकडून तीन मुके. दोन उजव्या गालावर, एक डाव्या. (दाढी केली असशील असं गृहीत धरून.)

तुझी तब्येत कशी आहे? पोट काय म्हणतं? डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं चालू आहे का, की अंगणातून गोठ्यापर्यंत जाण्यालाच तू चालणं म्हणतोस? स्तामेन्कावहिनीची पाठ कशी आहे? तिला सांग की तिने उन्हाळ्यात पाठवलेली भाजक्या लाल मिरच्यांची चटणी संपली. दुसरी मागत नाही. संपली एवढंच कळवायचं होतं. खरं तर हे पत्र मी काहीच मागायला लिहीत नाही. बरेच दिवस झाले, मोठ्या भावाची खबर घ्यावी, आपली सांगावी, इतकाच हेतू. फोनवर तू ऐकत नाहीस, बोलतोस.

माझी खबर अशी. निवृत्तीला थोडा अवकाश आहे, तेवढ्यात आमच्या व्यसनप्रतिबंध केंद्राने माझ्याकडे दोन शिकाऊ सोपवले. मी त्यांची मार्गदर्शक. मार्गदर्शक कसं व्हायचं याचंही आम्हाला प्रशिक्षण दिलं. त्याचा सारांश असा की मार्गदर्शकाने मागे बसावं आणि गप्प राहावं. प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी हे वाक्य माझ्याकडे बघून पुन्हा म्हटलं.

दोघांतला एक वुकान. उंच, गोरा, आणि कशालाही हो म्हणणारा. त्याला कुणाचं मन मोडवत नाही. (अशा माणसाला नेमकं या कामासाठी कुणी निवडलं, हे मी विचारलं. निवड मीच केली होती असं कळलं.) दुसरी कोसारा. नोवी सादची, बुटकी, केस पोरासारखे कापलेले, मनात येईल ते तोंडात. पहिल्याच दिवशी तिने माझ्या टेबलावरचं यकृत बघितलं. तुला ते आठवत असेल, तू त्यावर एकदा टोपी ठेवली होतीस. प्लॅस्टरचं, अर्धं गुलाबी, अर्धं काळं, वरचं झाकण उघडतं. मी ते वर्षानुवर्षं शाळाशाळांत नेलं. मुलं घाबरायची, मग विसरायची, मग मोठी होऊन आलुबुखाराची दारू, आपली राकिया, प्यायची. कोसारा म्हणाली, भीती घालून काही होत नाही, हे आता सिद्ध झालंय. मी म्हटलं, ठाऊक आहे. ती म्हणाली, मग हे टेबलावर का आहे?  यकृत आता कपाटात आहे. आणि त्या दिवसापासून मला वाटतं की मी गेल्यावर माझ्या खुर्चीत ही मुलगी बसावी. दुसरं कुणी नको.

तीच आता जाते म्हणते. नोवी सादला एका विमा कंपनीत जागा आहे, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत त्यांना हो की नाही ते कळवायचं आहे. मी तिला थांबवत नाही. मार्गदर्शकाने थांबवायचं नसतं. तरी झालं काय ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते हसतील. तू पण हसशील, पण तू हसलास की मला राग येत नाही.

ब्रेझोवित्साच्या शाळेत पालकसभा ठेवली होती. विषय साधा. आपल्याकडे मुलांना पहिला घोट रस्त्यावर मिळत नाही, घरात मिळतो. शरद ऋतूत राकियाची भट्टी लागली की बाप पोराला बोलावतो आणि बोट बुडवून चाखायला देतो, आणि सगळे टाळ्या वाजवतात. (आपल्यालाही दिलं होतं. तू शिंकलास, मी आणखी मागितलं.) तर पालकांना एवढीच विनंती करायची होती की भट्टीवर मुलांना चाखायला देऊ नका. एकच विनंती, एकच वाक्य. वुकानने त्यासाठी रंगीत चित्रं केली होती. आम्ही शाळेत पोचलो तर वर्गात एक शिक्षिका आणि फळ्यावर आमचं स्वागत. पालक कुठे आहेत? शिक्षिका म्हणाली, तिहोमिरची भट्टी आज लागलीय, सगळे तिकडे. हा तिहोमिर पालकसंघाचा अध्यक्ष. म्हणजे आमच्या सभेचा अध्यक्ष आणि भट्टीचा मालक एकच, आणि त्याला एकाच वेळी दोन्हीकडे असणं शक्य नव्हतं, तर त्याने योग्य ती निवड केली होती.

मी म्हटलं, परत जाऊ. कोसारा म्हणाली, लोक जिथे असतील तिथे आपण जायचं असतं, हा तर पहिला धडा आहे. वुकान म्हणाला, हो. मी गप्प बसले.

मात्र गाडीत मला राहवलं नाही. मी त्यांना सांगितलं की भट्टीवर प्याला पुढे येणार, आणि आपल्याकडे नुसतं नको म्हणता येत नाही, फक्त एखादं कारण सांगता येतं. गाडी चालवतोय हे एक कारण. ते माझं होतं, गाडी माझी. डॉक्टरांनी प्रतिजैविकं दिली आहेत, हे दुसरं. या देशातला सगळ्यात हट्टी यजमानसुद्धा त्यापुढे हात टेकतो. उपास चालत नाही, उपासाला राकिया चालते. वुकानने प्रतिजैविकांचं कारण घेतलं. कोसारा म्हणाली, मी खोटं बोलणार नाही. मी पोरांना काय शिकवते? सरळ बघा आणि सरळ नको म्हणा. मीही तेच करीन. मी म्हटलं, कर. (आवाजात जे होतं ते तिला ऐकू आलं नाही.)

भट्टी तुझ्यासारखीच, जुन्या तांब्याची. भोवती गाव. निखाऱ्यात बटाटे, काठीला डुकराची चरबी, लाकडाच्या ओंडक्यांवर म्हातारे. तिहोमिर म्हणजे बैलाएवढा माणूस आणि डोळे वासराचे. त्याने आम्हाला बघितलं आणि त्याला खरोखर आनंद झाला. तबक आलं. मी स्टेअरिंग फिरवून दाखवलं, त्याने मान डोलावली. वुकान म्हणाला, प्रतिजैविकं चालू आहेत. तिहोमिरचा चेहरा एकदम मऊ झाला. मग तबक कोसारापुढे गेलं.

“नको, काका.”

“नको म्हणजे?”

“नको म्हणजे नको. मी पीत नाही.”

“पीत नाहीस ते कळलं मला. पण ही काय दुकानातली आहे? ही माझी आहे!”

“असेल. चांगलीच असेल. पण मला नको.”

तिहोमिरने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या पोटाकडे, मग आईकडे. त्याची आई, पेरुनिका आजी, हिने काहीही विचारलं नाही. अशा वेळी विचारायचं नसतं. तिने उठून कोसारासाठी पाठ असलेली खुर्ची आणली, ती धुरापासून लांब ठेवली, गुडघ्यांवर घोंगडी टाकली आणि हातात आंबवलेली काकडी दिली. बायका सरकून जवळ बसल्या. कोसारा हरखली. माझ्या कानाशी लागून म्हणाली, बघितलंत? सरळ सांगितलं की लोक किती समजून घेतात! मी तिला सांगायला हवं होतं. पण मार्गदर्शकाने गप्प राहायचं असतं, आणि दादा, आयुष्यात पहिल्यांदा ते मला जमलं.

तिकडे वुकानचं वेगळंच चाललं होतं. प्रतिजैविकं म्हटल्यावर आजार कुठला हे आलंच. त्याचा विचार त्याने केला नव्हता. कुणीतरी विचारलं, छाती का? तो म्हणाला, हो. ताप? हो. मग दोघांनी त्याला उचलून बाकावर आडवं केलं, सदऱ्याची बटणं काढली, आणि पहिल्या धारेची, जी कुणी पीत नाही, फक्त अंगाला लावतात, ती छातीवर चोळायला सुरुवात केली. चोळणारी बाई घोड्यांना नाल मारणाऱ्याची बायको होती. बूट काढले, मोजे राकियात भिजवून, पिळून परत पायात घातले. वुकानला गुदगुल्या होतात. तो हसायला लागला तसा एकजण म्हणाला, बघा, मेंदूत चढला ताप. दुसरे मोजे आणा.

आता तू गावातला माणूस आहेस, पुढचं तुला सांगायला नको. इकडे एक मुलगी, प्यायला नको म्हणणारी. तिकडे एक मुलगा, तिच्याबरोबर आलेला. दोन आणि दोन. (मी म्हातारी बहुधा मुलाची आई ठरले होते, कारण माझ्याकडे बायका जरा थंडपणे बघत होत्या.) तिहोमिर बाकाजवळ उकिडवा बसला आणि हलक्या आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल अशा, म्हणाला,

“पोरा, पोरगी सोन्यासारखी आहे. प्याला पुढे केला तर नको म्हणते! माझ्या बायकोच्या तोंडून हे ऐकावं म्हणून मी देवळात मेणबत्त्या लावल्या.”

“त्या मेणबत्त्या तुझ्याच तोंडाच्या वासाने विझल्या असतील,” बायको म्हणाली.

“गप्प ग. पोरा, असं अर्ध्यात सोडून जायचं नसतं. काय म्हणतोस?”

वुकानच्या छातीवर ती बाई, डोळ्यांत वाफ. काय विचारलंय ते त्याला कळलं नव्हतं. तो हो म्हणाला.

एवढी आरोळी उठली की कोंबड्या उडाल्या. प्याले भरले. मुलाच्या नावाने, मुलीच्या नावाने, येणाऱ्या बाळाच्या नावाने, ते जर जुळं निघालं तर त्याच्याही नावाने. आमच्या केंद्राला दर वेळी विचारतात की तुमच्या कामाचा मोजता येण्यासारखा परिणाम काय. परिणाम असा की त्या दुपारी ब्रेझोवित्सात एरवीपेक्षा बरीच जास्त प्यायली गेली.

वुकानला मात्र आपलं कर्तव्य आठवलं. आडव्या आडव्याच, ओल्या मोज्यांनी, तो म्हणाला की माझी एक विनंती आहे, भट्टीवर मुलांना चाखायला देऊ नका. आणि दादा, सगळ्यांनी ते तत्काळ मान्य केलं. आजारी माणसाचं, त्यात नवरदेवाचं, मन कोण मोडणार? तिहोमिरने सगळ्यांच्या वतीने शब्द दिला, छातीवर हात ठेवून. (वुकानच्या छातीवर. ती जवळ होती.) शिक्षिका परवा सांगत होती की ते शब्द पाळताहेत. पोरं भट्टीवर येतात, बटाटे खातात, जातात. माझ्या यकृताला इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते मोज्यांना जमलं.

इथपर्यंत हे हसण्यासारखं आहे. पेरुनिका आजीने घरातून लोकरीची इवलीशी टोपी आणून कोसाराच्या मांडीवर ठेवली, तेव्हा कोसाराला कळलं. ती उभी राहिली. घोंगडी खाली पडली.

“काका, मला दिवस गेलेले नाहीत. याच्याशी मी लग्न करत नाही. मी आजारी नाही, माझा कसला नवस नाही. मला राकिया नको होती. एवढंच.”

 तिहोमिर चिडेल असं मला वाटलं. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने डोक्यावरची टोपी काढली. मी बापाच्या अंत्ययात्रेत तुला अशी टोपी काढताना बघितलं होतं.

“मग आमचं काय चुकलं, पोरी?”

“काही नाही, काका. काहीच चुकलं नाही.”

“काही नाही, तर मग घे ना.”

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. आलुबुखाराच्या झाडांना त्याच्या बापाने कलमं बांधलेली, फळं त्याने वेचलेली, आठवडाभर तो त्या आगीपाशी बसलेला. आणि आमच्या मुलीकडे द्यायला कारण नव्हतं. तिच्याकडे फक्त नको होतं. तिने टोपी आजीच्या हातात परत दिली, आजीचा हात जरा वेळ धरून ठेवला, आणि गाडीत जाऊन बसली.

परतीच्या रस्त्यावर खिडक्या उघड्या ठेवाव्या लागल्या, वुकानमुळे. तो मागे बसून आनंदात होता, शब्द मिळाला म्हणून. कोसारा म्हणाली, शब्द तुझ्या खोट्याला मिळाला. तू खोटं बोललास तर तुला अंथरूण मिळालं. मी खरं बोलले तर एका भल्या माणसाला वाटलं मी त्याच्या तोंडावर थुंकले. आता सोमवारी मी तेरा वर्षांच्या पोरांपुढे उभी राहून काय सांगू? सरळ नको म्हणा? मी सव्वीस वर्षांची, पदवी घेतलेली, मला ते निभावता आलं नाही. त्यांनी आपल्या काकांसमोर कसं म्हणायचं?  मग नदीवरच्या पुलावर गाडी चढली तशी माझ्याकडे न बघता म्हणाली, ल्युबिंकाबाई, मला एकच सांगा. या अख्ख्या मुलखात असं एक तरी घर आहे का, जिथे पाहुणा नको म्हणतो आणि यजमान नुसतं बरं म्हणतो? एक. असेल तर मी राहते. नसेल तर आपण पोरांना फसवतोय, आणि ते मला विमा कंपनीतही करता येईल.

मी तिला काहीतरी उत्तर दिलं.

असो. पत्र लांबलं. वहिनीला नमस्कार, सुनेला आशीर्वाद, गाईला थोपटणं. थंडी सुरू झालीय, गुडघ्याला लोकर बांध आणि छपरावर चढू नकोस, कौलं जावई बदलेल. मी ठीक आहे. कशाची गरज नाही.

तुझी,
ल्युबिंका

ता. क. कोसाराला काय उत्तर दिलं ते लिहायचं राहिलं. मी म्हटलं, आहे की. माझ्या भावाचं घर. कसं तोंडातून गेलं मला माहीत नाही. पुलावर समोरून ट्रक येत होता. ती म्हणाली, बघायचंय. म्हणून संत दिमित्रीच्या दिवशी, आपल्या घराण्याच्या संताच्या सणाला, स्लावाला, मी तिला घेऊन येते आहे. वुकानही येतो म्हणाला (हो म्हणाला). विमा कंपनीला ती त्यानंतर उत्तर देणार आहे.

ता. क. दुसरा. तू कसा आहेस हे मला कळत नाही असं समजू नकोस. गेल्या स्लावाला गुरांचा डॉक्टर तुझ्या न्हाणीच्या खिडकीतून बाहेर पडला आणि तू तबक घेऊन शेताच्या बांधापर्यंत त्याच्यामागे गेलास. तिथे त्याने घेतली, आणि तू त्याला मिठी मारून रडलास. म्हणून नीट वाच. कोसारा दारात येईल. तू तबक पुढे करशील, ते कर, त्याशिवाय तुला चैन पडायचं नाही. ती म्हणेल, नको. तू म्हणायचं, बरं. त्या बरं-ला शेपूट नको. बरं, पण ओठाला तरी लाव, असं नाही. बरं, मग नुसता वास घे, असं नाही. बरं, आमच्या स्वर्गवासी आईसाठी, हे तर मुळीच नाही, आई स्वतः पीत नव्हती. आणि चेहरा पाडायचा नाही. टोपी डोक्यावरच ठेवायची. वहिनीला पाहुणी करून थोडा सराव कर. वुकानपुढे मात्र तबक नेऊच नकोस, त्याचं शिक्षण अजून व्हायचंय.

ता. क. तिसरा, आणि हा फक्त तुझ्यासाठी, वहिनीला वाचून दाखवू नकोस. पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून स्लावाला तू स्वतःसाठी कपाटामागच्या बाटलीतून ओततोस, आणि त्यात विहिरीचं पाणी असतं. मला ठाऊक आहे. वहिनीलाही ठाऊक आहे, बाटली तीच भरते. प्याला रिकामा करून तू जो चेहरा करतोस तो छान जमलाय, फक्त जरा जास्त होतो. आजवर कुणी बोललं नाही, कारण पाहुण्यांपुढे तुझी मान खाली जाऊ नये. मीही बोलले नसते. पण कोसाराला मी खोटं सांगितलं की खरं, हे मला गाडीत कळत नव्हतं, आणि आता लिहिता लिहिता वाटतं की कदाचित खरंच सांगितलं; त्या घरात तू न बोलता नको म्हणतोस आणि वहिनी न बोलता बरं म्हणते. तिला तुझ्या त्या बाटलीतलं दे. आणि त्यात काय आहे ते तिला सांग. फक्त तिला, चुलीपाशी, हळू आवाजात. तुझा हळू आवाज, जमेल तितका.

हे नको वाटत असेल तर नको म्हण. मी बरं म्हणेन.